तिसरा गिअर का उडत होता

पालच्या खंडोबाची यात्रा तोंडावर आली की कराड-पाटण रस्त्यावरच्या वडापवाल्यांना, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपवाल्यांना, दम खायला फुरसत नसते. पौषातल्या त्या दिवसांवर त्यांची बरीच देणी भागतात. माझं गॅरेज मल्हारपेठेजवळ, याच रस्त्याला. यात्रेच्या आधी कुणाचे ब्रेक लायनर, कुणाचे पाटे, कुणाचा सेल्फ, अशी जिपांची रांग लागलेली असते. त्या रांगेत तात्यांची जीप आली आणि तात्या खाली उतरता उतरताच म्हणाले, "मिस्त्री, गिअरबॉक्स उतरवा. समदा खोला."

"झालं काय, ते तर सांगा."

"तिसरा ऱ्हात न्हाय. पाय काढला की उडतोय. परवा कुंभार्ली उतरताना उडाला आन् गाडी न्यूट्रलवर सुटली. मागं मानसं भरल्याली. ब्रेकवर उभाच ऱ्हायलो म्हना की."

हे ऐकून मी हातातलं काम खाली ठेवलं. कुंभार्ली घाट ज्यानं भरल्या गाडीनं उतरलाय त्याला यातलं गांभीर्य सांगायला नको. घाट उतरताना गाडी इंजिन धरून ठेवतं, ब्रेक नुसते मदतीला असतात. गिअर उडाला की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात.

तात्यांनी आधी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एकानं क्लच प्लेट, प्रेशर प्लेट बदलली. दुसऱ्यानं प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले आणि तरीही फरक पडेना तेव्हा गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. खर्च तीस हजारांच्या घरात. तात्यांनी पतसंस्थेत कर्जाचा अर्जसुद्धा टाकून ठेवला होता.

गिअर उडायला गिअरबॉक्स कारण असू शकतो, यात वाद नाही. स्लीव्हचे दात झिजतात, गिअर सरकवणारा फोर्क वाकतो, लॉकची गोळी आणि स्प्रिंग दम टाकते. पण गिअरबॉक्स खोलणं म्हणजे दोन दिवस गाडी उभी, आणि यात्रेच्या तोंडावर दोन दिवस म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, "तात्या, आधी एक चक्कर मारू. चालवा तुम्हीच, मी शेजारी बसतो."

पहिल्या गिअरला गाडी उचलताच बुडाखाली धाडकन आवाज झाला. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो, माझी नजर गिअरच्या दांड्यावर होती. क्लच सुटला तसा दांडा आपोआप बाजूला झुकला आणि फ्लोअरच्या भोकाच्या पत्र्याला जाऊन टेकला. तिसरा टाकून त्यांना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबायला आणि सोडायला सांगितलं. दाबला की दांडा एकीकडे, सोडला की दुसरीकडे. दोन-तीनदा पाय सोडल्यावर दांडा पत्र्यावर आपटला आणि गिअर निसटला.

या जातीच्या जिपांमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला असतो, मध्ये वायर नाही की सळई नाही. गिअरबॉक्स हलला की दांडा हलणारच. गिअरबॉक्स इतका हलतोय की दांडा पत्र्याला अडतोय, आणि अडलेला दांडा आतल्या फोर्कला उलटा खेचतोय. आतले दात चांगले असले तरी अशा ओढीपुढे गिअर टिकत नाही. मी तात्यांना सांगितलं, "गिअरबॉक्स नंतर बघू. गाडी खड्ड्यावर घ्या. आधी फाउंडेशन बघतो." इंजिन आणि गिअरबॉक्स चासीवर ज्या रबरांवर बसतात, त्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो.

खड्ड्यावर घेण्याआधी आणखी एक गोष्ट मी बघतोच. चाकांना ओट लावली, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगितला. इंजिन क्लीनरच्या, म्हणजे डाव्या बाजूनं वर उचललं जातं, ते किती उचलतं हे बघायचं. मग रिव्हर्समध्ये तेच. पुढचे दोन रबर ठीक वाटले, पण इंजिनाचं शेपूट मागे नाचत होतं.

इथं जोराचा हिशेब समजून घ्यायला हवा. इंजिनाचा जोर १८० न्यूटन मीटरच्या आसपास धरला तर पहिला गिअर तो जवळपास चौपट करून मागं पाठवतो, म्हणजे साधारण ७०० न्यूटन मीटर. एक मीटर लांब टॉमीच्या, म्हणजे लोखंडी कांबीच्या टोकाला सत्तर किलोचा माणूस लोंबकळला तर जेवढा पीळ पडेल, तेवढा. शाफ्टला जेवढा पीळ द्यायचा, तेवढाच पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या सांगाड्याला उलट्या बाजूनं बसतो. तो झेलायला असतात पुढं दोन रबर आणि मागं गिअरबॉक्सखाली एक. मागचा गेला की पुढच्या दोघांवर ताण आणि मागं मोकळं रान.

खड्ड्यात उतरून बॅटरी मारली आणि जे दिसलं त्याचा मला खरंच राग आला. फाउंडेशनचा रबर होता, पण कशाबशा अवस्थेत. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून तो भिजला होता. खनिज तेलाशी नैसर्गिक रबराचं वैर असतं: तो फुगतो, मऊ पडतो आणि लोखंडी पाटीपासून सुटतो. नख दाबलं तर आत गेलं, बोटाला काळा चिकटा आणि गिअर ऑइलचा उग्र वास. हे वयानं होतं, त्यात कुणाचा दोष नाही. दोष पुढचा होता. कुणीतरी त्या रबराच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत साखर कारखान्यातल्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे ठोकून बसवले होते, वरून लोखंडी पट्टी ठेवली होती आणि लांब बोल्ट घालून गिअरबॉक्स त्याच्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला, क्रॉस मेंबरला, चक्क आवळून टाकला होता.

तात्यांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. "व्हय, मागं एकानं टाइट करून दिल्तं. पंधरा दिस लई ब्येस चालली. गिअर हालत नव्हता. पर गाडी आतनं लई थरथरायची, काचा वाजायच्या."

थरथरणारच. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर उभं असताना सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके देतं. ते ठोके चासीपर्यंत पोचू नयेत हे रबराचं अर्धं काम. १९३१ साली अमेरिकेत प्लिमथनं 'फ्लोटिंग पॉवर' या नावानं इंजिन रबरावर तरंगतं ठेवलेली गाडी आणली, ती चार सिलिंडरचा थरकाप माणसापर्यंत पोचू नये म्हणूनच. त्याआधी बऱ्याच गाड्यांत इंजिन सरळ चासीला आवळलेलं असायचं. तात्यांची जीप कुणीतरी त्याच्याही मागच्या काळात नेऊन ठेवली होती.

आणि ते ठोके कुठंतरी जिरणारच होते. क्रॉस मेंबर जिथं चासीच्या ब्रॅकेटला धरतो, तिथल्या एका बाजूच्या भोकाचा अंड्यासारखा आकार झाला होता. ब्रॅकेटच्या कोपऱ्यातून निघालेली बारीक भेग चिखलाखाली लपली होती. वायर ब्रशनं घासल्यावर ती दिसली, बोटभर लांब. मी टॉमी लावून क्रॉस मेंबर उचलला आणि तात्यांना खड्ड्यात बोलावून दाखवलं. गिअरबॉक्स पुन्हा का नाचायला लागला ते त्यांना न सांगताच कळलं: आता तो एकटा नाचत नव्हता, क्रॉस मेंबरला सोबत घेऊन नाचत होता. कुंभार्लीत ते ब्रॅकेट सुटलं असतं तर पुढचं मला बोलवत नाही.

तात्यांचा भाचा बरोबर होता, इंजिनिअरिंगला असलेला हुशार पोरगा. त्यानं मोबाईलवर बघितलं होतं की रबराच्या पोकळ्यांत पॉलियुरेथेन ओतून फाउंडेशन कडक करतात. "मिस्त्रीकाका, तसं केलं तर? रबरापेक्षा टिकेल." प्रश्न चांगला होता. पॉलियुरेथेन तेलाला जास्त दाद देत नाही हे खरं. शर्यतीच्या गाडीला कडक फाउंडेशन लागतं, कारण तिथं गिअर क्षणात पडला पाहिजे आणि थरथर सोसायची चालकाची तयारी असते. पण त्या पोकळ्या म्हणजे रबर वाचवायला सोडलेली जागा नव्हे. इंजिन नुसतं उभं असताना रबर मऊ लागतो, म्हणून पोकळी. जोर पडला की पोकळी मिटते, रबर रबरावर टेकतो आणि तिथून पुढं तो कडक होतो. एकाच तुकड्यात मऊ आणि कडक, दोन्ही. पोकळी भरली की मऊपणा संपला, आणि त्याचा हिशेब ब्रॅकेटनं चुकवायचा. दिवसभर खड्ड्यातून माणसं वाहणाऱ्या जिपेला ते परवडत नाही. भाच्याला मी ती भेग पुन्हा दाखवली. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

मग पार्टचा प्रश्न. पाटणच्या दुकानात लोकल फाउंडेशन लगेच मिळत होतं, निम्म्या किमतीत. मी पोराला ते आणायला लावलं, पण हातात घेतल्यावर परत पाठवलं. अंगठा दाबला तर दबत नव्हता, आणि रबर-लोखंडाच्या जोडावर एका कडेला फट दिसत होती. या पार्टचा सगळा जीव त्या जोडात असतो. ओरिजिनल कराडला होतं. तात्यांचा भाचा मोटारसायकलवर गेला आणि तोवर आम्ही ब्रॅकेट हातात घेतलं.

आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढली. वेल्डिंग करायचं तर ती आधी सोडायची, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे. भेगेवर नुसतं वेल्डिंग ओढलं तर ती पुढं सरकत राहते. म्हणून भेग संपते तिथं तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तिचं टोक बोथट होतं आणि ती थांबते. मग ग्राइंडरनं चर काढून आतपर्यंत वेल्डिंग भरलं आणि कोपऱ्यात तिकोनी पट्टी दिली. अंडाकृती झालेल्या भोकावर जाड वॉशर वेल्ड करून भोक मूळ मापाला आणलं. गिअरबॉक्सखाली जॅक दिला तो लाकडी फळकुटावर, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरला जॅकचं लोखंड थेट लागलं तर ते तडकतं.

मागचं ऑइल सील बदलल्याशिवाय नवं फाउंडेशन बसवायचं नाही, यावर मी अडून बसलो. तात्या म्हणत होते, यात्रेनंतर करू. पण तेल झिरपत राहिलं तर नवा रबरही त्याच वाटेनं जाणार. शाफ्ट सोडायचाच होता, सील बसवायला फार वेळ लागला नाही.

नवं फाउंडेशन आलं तेव्हा दिवे लागले होते. बसवताना लोक एक गोष्ट विसरतात आणि मग नवा रबरही लवकर फाटतो. सगळे बोल्ट नुसते हातानं लावायचे, जॅक उतरवून गिअरबॉक्सचा भार रबरावर येऊ द्यायचा, इंजिन चालू करून थोडा वेळ उभं ठेवायचं. सांगाडा आपली जागा स्वतः शोधतो. मग इंजिन बंद करून बोल्ट आवळायचे. जॅकवर टांगलेल्या गिअरबॉक्सला आवळलं तर रबर जन्मापासूनच पिळलेला राहतो. पोराच्या हातात पान्हा दिला आणि हे त्याच्याकडून करून घेतलं. एकदा हातानं केलं की पोरगा विसरत नाही.

रात्रीच चक्कर मारली. मागं गॅरेजमधली दोन पोरं, भाचा आणि शेजारच्या पेंडीच्या दुकानातली पोती भरून घेतली. पहिल्याला गाडी उचलली, आवाज नाही. चढाला तिसरा टाकून तात्यांनी पाय दाबला, सोडला, परत दाबला. दांडा हलला, पण बोटभरच, आणि पत्र्यापासून लांब. गिअर जागचा हलला नाही. मुद्दाम उताराला पाय पूर्ण काढून गाडी इंजिनावर सोडली. तात्यांनी हात दांड्यावर ठेवला होता, सवयीनं धरूनच ठेवला होता. मी म्हटलं, "सोडा तात्या, राहतोय तो." त्यांनी हात काढून स्टेअरिंगवर ठेवला. "काचा बी गप हायत्या," एवढंच बोलले.

गिअरबॉक्स आम्ही खोललाच नाही. फाउंडेशन, सील, ऑइल, वेल्डिंग आणि मजुरी धरून बिल पाच हजारांच्या आत बसलं. पतसंस्थेचा अर्ज तात्यांनी दुसऱ्या दिवशी मागं घेतला.

यात्रा झाल्यावर मी सांगितल्याप्रमाणे ते बोल्ट तपासायला आले. नवं फाउंडेशन बसवल्यावर काही दिवस गाडी चालली की बोल्ट पुन्हा एकदा बघावेच लागतात. दोन थोडे ढिले निघाले, ते आवळले. वेल्डिंगवर कुठं केसभरही भेग नव्हती, सील कोरडं होतं. पण क्लीनरच्या बाजूचा इंजिनाचा रबर टॉमी लावून नीट बघितला तर पाटीजवळ चिरायला लागलेला दिसला. मागचा मोकळा असताना इतके दिवस सगळा पीळ त्यानंच झेलला होता. पावसाळ्याच्या आधी तो बदलायचं ठरलं, आणि तात्यांनी ओरिजिनलच मागवायला सांगितला.