तुम्ही विचारलंत म्हणून: हिंदीत जाऊन बाईच का केली?

हा प्रश्न मला आता पाठ झालाय. विचारणारा आधी कौतुक करतो, मग आवाज खाली आणतो. "ताई, राग मानू नका, पण राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळवलेल्या तुम्ही. हिंदी मालिकेत गेलात आणि कामवाली बाईच का केलीत? ते लोक मराठी म्हटलं की मोलकरीण नाहीतर हवालदार दाखवतात, आणि आपलीच माणसं जाऊन ते करतात!" लग्नाच्या पंगतीत विचारतात, नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये विचारतात. नागपूरला आत्याकडे गेले की शेजारच्या काकू विरजण मागायला म्हणून येतात आणि विचारतात. आत्या स्वतः फक्त "काय करून राहिली सध्या?" एवढंच विचारते, म्हणून ती मला आवडते.

इतकी वर्षं मी "अहो, काम ते काम" म्हणून वेळ मारून नेली. आता नाही नेत.

आधी थोडं भांडून घेते. हिंदी विनोदी मालिकांनी मराठी नटांना फक्त फडकं आणि झाडूच दिला, हे खरं नाही. 'हम पांच' 1995 साली झी टीव्हीवर आली, तेव्हा पाच मुलींचे बाप आनंद माथुर होते आपले अशोक सराफ. 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर सासू-सून होत्या, पूर्ण मालिका त्या दोघींच्या खांद्यावर. 'साराभाई वर्सेस साराभाई'मधला साहिल, म्हणजे गुजराती घरातला डॉक्टर मुलगा, सुमीत राघवनने केला. आणि 1988 मध्ये दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांचा 'वागळे' आला तेव्हा तो खास मराठी कारकून कोणी केला? अंजन श्रीवास्तव यांनी. म्हणजे सराफ माथुर झाले आणि श्रीवास्तव वागळे झाले, कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हा कोणी वागळ्याला आडनाव विचारलं नाही.

हे मी पंगतीत सांगते तेव्हा समोरचा गप्प होतो आणि मला बरं वाटतं. घरी आल्यावर आठवतं की अशोक सराफ हिंदीत गेले तेव्हा ते आधीच अशोक सराफ होते. लक्ष्मीकांत बेर्डे मराठीत तोडीस तोड होते, तरी 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मध्ये नोकरच झाले. मग मी कोण? नागपूरच्या सायंटिफिक सभागृहातली टाळी अंधेरीपर्यंत ऐकू जात नाही.

दुसरा मुद्दा. हिंदी मालिका लिहिणारी बहुतेक मुलं लखनौ, कानपूर, भोपाळ, इंदूर, अहमदाबादकडून आलेली. मालाडला, नाहीतर मीरा रोडला तिघांत एक फ्लॅट घेऊन राहतात. त्यांच्या दिवसात मराठी बोलणारं कोण येतं? सकाळी भांड्याला येणारी, सिग्नलला अडवणारा हवालदार आणि पार्किंगवरून नोटीस लावणारे सोसायटीचे सेक्रेटरी. मराठी प्राध्यापिका त्यांना भेटतच नाही, ती ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला राहते. ते जे बघतात ते लिहितात. याचा मला राग यायला हवा हे मान्य. पण मी विदर्भातली. मुंबई-पुण्याच्या मराठी मालिकांनी मला काय दिलं असतं? वऱ्हाडी हेल काढून बोलणारी, जेवताना सारखा ठेचा मागणारी मामी. ती मी केलीसुद्धा आहे. तेव्हा कुणी विचारलं नाही, ताई, वैदर्भीय माणसाची टिंगल का चालू देता? आपल्या नाटकातला गडी मालवणीच का बोलतो, आपल्या प्रहसनातला भय्या दूधच का विकतो, हे कधी कोणाच्या मनात येत नाही. आपली टिंगल झाली की अस्मिता, दुसऱ्याची झाली की विनोद.

हे झालं भांडण. आता खरी गोष्ट.

मला ती मालिका मिळाली ती बाई म्हणून नाही. डॉक्टर म्हणून मिळाली होती. बिल्डिंगमधल्या कुटुंबांची दैनंदिन कॉमेडी, त्यात तिसऱ्या मजल्यावरची स्त्रीरोगतज्ज्ञ. अंधेरीच्या आराम नगरात, जिथे कास्टिंगची ऑफिसं आहेत, ऑडिशन दिली, पुन्हा बोलावलं, पुन्हा दिली. माझं हिंदी स्वच्छ आहे, नागपूरकरांचं असतंच, आम्ही दोन्ही भाषांत भांडतच मोठे होतो. कास्टिंगवाल्या मुलाने फोन केला, "मैम, लॉक समझिए, बस लुक टेस्ट बाकी है." या धंद्यात 'लॉक समझिए' म्हणजे काहीही नक्की नाही, हे तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही. पण मी आईला फोन केला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिने संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला सांगितलं की पोरगी टीव्हीवर डॉक्टरीण होणार.

लुक टेस्टच्या दिवशी मला हातमागाची राखाडी साडी दिली, पांढरा कोट, बिनभिंगाचा चष्मा, बारीक टिकली. ड्रेसदादांनी ब्लाऊज तिथेच बसून आत घेतला. समोरून फोटो, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल. मग गळ्यात स्टेथोस्कोप घालून एक छोटा सीन. नायकाला सांगायचं की रिपोर्ट तुमचा नाही, तुमच्या बायकोचा आहे. छान झाला. लाइटवाले हसले, आणि लाइटवाले सहसा हसत नाहीत, त्यांनी सगळं ऐकलेलं असतं.

फोटो चॅनलला गेले. मी मेकअप रूममध्ये चहा घेत बसले. दार नीट लागत नव्हतं. बाहेर मालिकेच्या क्रिएटिव्ह टीमची मुलगी उभी होती, फोन स्पीकरवर, कारण तिच्या दुसऱ्या हातात कॉस्च्यूमचे हँगर. पलीकडून एक बाई बोलत होत्या, अगदी सभ्य आवाज. "अ‍ॅक्ट्रेस अच्छी है यार. बट डॉक्टर नहीं लग रही. बाई लग रही है." मग थोडं थांबून, जणू एकदम सुचलं म्हणून, "अरे, बाई के लिए देखो ना इसको!"

आता तुम्हाला वाटेल मी उठून गेले. किंवा रडले. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आई आळीला काय सांगेल. दुसरा, की आरशात बघावं. बघितलं. कोट होता, चष्मा होता. सावळा रंग, रुंद चेहरा, आमच्या घरात सगळ्यांचा असतो तसा. माझी सख्खी मावसबहीण अमरावतीला डॉक्टर आहे आणि ती हुबेहूब माझ्यासारखी दिसते. तिच्या दवाखान्याबाहेर रांग असते. हे त्या फोनवरच्या बाईंना कोण सांगणार?

मुलगी आत आली. वय जेमतेम पंचविशीचं, तिचाच चेहरा पडलेला. "मैम, चैनल को आप बहुत पसंद आईं. एक और कैरेक्टर है, उससे भी मज़ेदार." मी म्हटलं, ऐकलंय मी. तिने हँगर खाली ठेवले आणि म्हणाली, "सॉरी मैम. लेकिन सच में मज़ेदार है." आणि मला कागद दिले.

मी वाचले. डॉक्टरला त्या आठवड्यात होतं "घबराने की कोई बात नहीं" आणि तत्सम. बाईला अख्खा सीन होता. ती एकाच वेळी तीन घरांची भांडणं तीन घरांत पोचवते, लादी पुसता पुसता, आणि प्रत्येक घरात खोटं थोडं वाढवते. वाचताना मला कळत होतं कुठे थांबायचं, फडकं कुठल्या शब्दावर पिळायचं. ते न कळण्याचं सोंग मला आणता आलं नाही, मग आणि आताही.

तेवढ्यात ड्रेसदादा साडी घेऊन आले. नऊवारी! हिरवी, जरीकाठाची, लावणीला शोभेल अशी. मी म्हटलं, दादा, मुंबईत कुठली बाई जरीची नऊवारी नेसून भांडी घासते? हे बदलायचं. सुती गोल साडी द्या, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला सेफ्टी पिन, गळ्यात काळे मणी. क्रिएटिव्हची मुलगी म्हणाली, चॅनलला 'मराठी टच' हवाय. मी वाद घातला, चांगला घातला, जिंकले. टिकली तेवढी मोठी करायला लावली त्यांनी. पुन्हा समोरून फोटो, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल. चहा निवायच्या आत चॅनलचा अंगठा आला.

भूमिका मी स्वीकारली ती तेव्हा, साडीवरून भांडताना. हो-नाही कुणी विचारलंच नाही. जिला नाही म्हणायचं असतं ती काठापदरावर भांडत बसत नाही.

पैशांचंही सांगते, कारण 'पैशासाठी केलंत का' हा पुढचा प्रश्न असतो. बाईचा दिवसाचा रेट डॉक्टरपेक्षा कमी होता. काम तिप्पट, रेट कमी. को-ऑर्डिनेटर म्हणाला, "कैरेक्टर का बजट अलग होता है मैम." मी घासाघीस केली, थोडा वाढवून घेतला. बारा तासांची शिफ्ट, पैसे नव्वद दिवसांनी, दहा टक्के टीडीएस कापून. घराचे हप्ते होते. हप्ते होते हे उत्तर लोकांना आवडतं, त्यांना माझी दया करता येते. पण हप्ते फेडायला मी शिकवण्याही घेत होते, डबिंगही करत होते. मालिका मी केली कारण तो सीन मला करायचा होता.

इथे मला एका मुलीशी बोलायचंय, आणि ती मीच आहे, विशीतली. नागपूरच्या एका नाट्यशिबिरात मुंबईहून एक ज्येष्ठ नट आले होते, हिंदीत बरंच काम केलेले. चर्चेत मी उभी राहिले, खांद्याला शबनम, आणि त्यांना विचारलं, "सर, तुम्ही हिंदीत नोकराच्या भूमिका स्वीकारता तेव्हा तुमच्यातला कलावंत काय म्हणतो?" टाळ्या पडल्या. सर हसले आणि चहा कुठे मिळेल विचारलं. आम्ही रात्रभर त्यांच्यावर तोंडसुख घेतलं.

ती मुलगी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, तू नकार दिला असतास तर कदाचित पुढच्या वेळी त्यांनी विचार केला असता. मी म्हणते, नकार दिला असता तर त्यांनी दुसरीला बोलावलं असतं आणि ती जरीची नऊवारी नेसली असती. ती म्हणते, म्हणजे तुझी बंडखोरी साडीपुरती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिच्याकडे तरी कुठे आहे? तिच्या खोलीचं भाडं बाबा भरत होते.

मालिका चालली. दर गुरुवारी टीआरपी यायचा आणि त्या दिवशी सेटवर कोण हसतंय त्यावरून आकडा कळायचा. माझा ट्रॅक वाढत गेला. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना मी मोठ्या हौसेने एक भाग दाखवला. वाटलं, बरंवाईट काही बोलतील, लागेल मला. त्यांनी पूर्ण बघितला आणि म्हणाल्या, "हिला बाकीची कामं नाहीत का? अर्धा तास एकाच घरात बोलत उभी. मला तर बाई दुपारच्या आत अजून तीन घरं असतात. आणि हिचा पगार कोण देतं? कधी मागताना दिसत नाही."

मी दुसऱ्याच दिवशी लेखकाला सांगितलं. तो कानपूरचा, हुशार पोरगा, त्याने लगेच घेतलं. त्यानंतर माझी बाई कुठल्याही भांडणाच्या ऐन रंगात घड्याळ बघून "मेरे को अभी तीन घर और है!" म्हणून बादली उचलायची. लोक रस्त्यात मला हेच वाक्य म्हणून दाखवायचे. उद्घाटनांना बोलवायचे, पाकीट द्यायचे, माइकवर तेवढं एक वाक्य. आणि महिन्याच्या एक तारखेला ती प्रत्येक दारात जाऊन पगार मागते आणि प्रत्येक घर वेगळी सबब सांगतं, तो भाग मी आजवर केलेलं सर्वांत चांगलं काम आहे, रौप्यपदकासकट. मावशींच्या वाक्याचे पैसे मला मिळाले. त्यांचा पगार मी त्या दिवाळीत वाढवला, पण तो कुठल्या खात्यात धरायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

'मेरे को' मात्र माझं नव्हतं. माझ्या घरात कोणी असं हिंदी बोललेलं नाही. ते मला सेटवर शिकवलं, स्वच्छ हिंदीला मुद्दाम ओरखडे पाडायला. सुरुवातीला रिटेक व्हायचे, कारण रागाच्या वाक्याला मी चुकून 'मुझे' म्हणायची. "मैम, थोड़ा खराब बोलिए." ते शिकायला मला जितका त्रास झाला, तितका डॉक्टर करायला झाला नसता.

सध्या काय, हेही विचारता म्हणून. ती मालिका बंद झाली. मधल्या काळात बऱ्याच बायका नाकारल्या, काही केल्या. आता नवीन कॉमेडी आहे, नायगावला सेट. ह्या वेळी मोलकरीण नाही. नर्स आहे, कोट्टयमची, 'अय्यो' म्हणणारी, केसांत गजरा. मी म्हटलं, भाषेसाठी एखादी मल्याळी मुलगी बसवा माझ्यासोबत, उच्चार तरी नीट होतील. म्हणाले, बजेट नाही, तुम्ही करून घ्या, तुमचा कान चांगला आहे. गजरा तेवढा मी काढायला लावला, ड्यूटीवर कोणती नर्स गजरा घालते? बाकी घेतलीय भूमिका. सीन चांगले आहेत.

केरळातून कोणी विचारलं तर बघू.