म्यूलचे धागे अखेर शार्प! (हेल्मशोर अपडेट)

आला एकदाचा फोटो! इंग्लंडमधल्या लँकेशरच्या हेल्मशोर कापडगिरणी म्युझियममधला म्यूल (सूत कातायचं जुनं यंत्र), कॅरेज (चात्यांचा आत-बाहेर धावणारा गाडा) पूर्ण बाहेर, सूत ताणलेलं आणि एकेक धागा सुटा दिसतोय.

मागच्या वेळी याच म्यूलच्या फोटोंवर पट्टे आले होते, आठवत असेलच. इथली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर १/५०० सेकंदाला ठेवलं की फोटोभर आडवे पट्टे. १/५० ला पट्टे जातात पण कॅरेज धावत असते म्हणून धागे पुसट, आणि आयएसओ चढवला तर सुताचा पोतच ग्रेनमध्ये विरतो. पार वैताग आला होता.

वाट सापडली ती डेमो देणाऱ्या आजोबांनी बॅकिंग-ऑफ समजावल्यावर. कॅरेज पाचेक फूट बाहेर येते, टोकाला थांबते, चात्या क्षणभर उलट्या फिरून टोकाचे वेढे सोडवतात, फॉलरची (सूत खाली दाबणारी) तार खाली येते आणि मग कॅरेज आत जाताना सूत गुंडाळलं जातं. त्या थांब्यात कॅरेज आणि ताणलेलं सूत स्थिर असतं हो! १/५० आरामात चालतं. फक्त शटर आवाजावर दाबायचं, घरघर बदलली की लगेच, डोळ्यांनी बघून दाबलं तर हमखास उशीर.

दुसरी भानगड म्हणजे पांढरं सूत आणि मागे पांढरी भिंत. कॅमेरा गुडघ्याएवढा खाली घेतला, मागे तेलकट काळं लोखंड आणलं, खिडकीचा उजेड बाजूने पकडला, तर धाग्यावरची कापसाची लव उभी दिसायला लागली. काय दिसतंय ते!

ऑटोफोकस बंदच ठेवा, तो धाग्यांतून आरपार मागे जातो. जुनी सेकंडहँड ३५ मिमीची मॅन्युअल लेन्स या कामाला सोनं आहे. सीपीएल (चमक कापणारा पोलरायझर फिल्टर) मात्र बॅगेतच राहू द्या, दीड स्टॉप खातो.

पुढे आर्कराइटची वॉटर फ्रेम (पाण्याच्या चाकावर चालणारं कताईयंत्र) घ्यायची होती, पण लिहितानाच वाटतंय की आधी म्यूलचाच फेरा पूर्ण करावा, एकाच जागेवरून चार फ्रेम: बाहेर, थांबा, बॅकिंग-ऑफ, आत. माझे आजोबा लालबागला गिरणीत साइडर (कताईयंत्र सांभाळणारे कामगार) होते, पण रिंग फ्रेमवर (म्यूलनंतरचं, न थांबता कातणारं यंत्र). नागपूरच्या एम्प्रेस मिलने रिंग फार लवकर आणली, पुढे आपल्याकडे तीच पसरली, त्यामुळे गिरणीवाल्या घरांतही म्यूल चालताना बघितलेलं माणूस सापडत नाही. त्यांना कळेल असं दाखवायचं तर व्हिडिओही हवा. २५ एफपीएस, शटर १/५०, म्हणजे पट्टे नाहीत. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर कुणी वापरलाय का? कॅमेऱ्याचा माइक त्या खडखडाटात फाटतो.