फायबरच्या बोटीतले कुजलेले लाकूड

फायबरची बोट कुजत नाही, असे विकणारा सांगतो आणि घेणाराही ते खरे मानतो. फायबर, म्हणजे रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात भिजवलेले काचेचे कापड, कुजत नाही हे खरेच आहे, पण जुन्या बोटीत मोटरचा आणि माणसांचा भार पेलणारा सांगाडा बहुधा लाकडाचाच असतो आणि फायबरने त्याला केवळ वेढलेले असते. निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठी असलेल्या माझ्या आजोळी, २०१९ च्या महापुरानंतर तरुण मंडळाने वर्गणी काढून अशीच एक वापरलेली, चौदा फुटी बोट घेतली होती. गेल्या उन्हाळ्यात ती टेम्पोत घालून बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी नमुने बनवायच्या कारखान्यात, आणली गेली, कारण मोटर सुरू केली की बोटीची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, डोळ्यांना दिसेल इतकी हलत होती.

फाउंड्रीसाठी लाकडाचे आणि रेझिनचे पॅटर्न करणाऱ्याला बोटीतले काय कळणार, असे मंडळातल्या काहींना वाटले असावे. वास्तविक लाकूड, रेझिन आणि काचेचे कापड या तिन्हींशी आमचा रोजचाच व्यवहार असतो. ओतलेल्या कास्टिंगला तडा आहे का, हे हातोडीच्या टोल्याच्या नादावरून ओळखतात, तसेच येथेही केले. ट्रान्समच्या वरच्या कडेला आवाज टणक येत होता. मोटरच्या बोल्टांपासून खाली, पाणी काढायच्या प्लगच्या भोकापर्यंत तो बद्द होत गेला. खात्रीसाठी आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडले, तर ड्रिलला भुशाऐवजी काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा चिकटून आला.

पाणी आत शिरते ते बोल्टांच्या, स्क्रूंच्या आणि प्लगच्या भोकांतून. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला आणि थोडी हवा मिळाली की बुरशी वाढते, आणि फायबरच्या दोन थरांमध्ये कोंडलेल्या प्लायला वाळायला वावच नसतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने बुरशीला थोडाफार अटकाव होतो. नदीच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्यात तेवढाही होत नाही. वर्षभर उघड्यावर पडून पावसाचे पाणी साठवणारी बोट पाण्यात चालणाऱ्या बोटीपेक्षा लवकर कुजते ती यामुळेच.

भोके पाडून पातळ रेझिन ओतायचे, ते लाकडात जिरून सगळे पुन्हा घट्ट होते, असा एक स्वस्तातला उपाय अनेक जण सुचवतात. माझ्या मते ही शुद्ध फसवणूक आहे. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही, आणि ज्या तंतूंचे बळ बुरशीने आधीच खाल्ले आहे त्यांना ते परत मिळत नाही. वर एक कडक पापुद्रा तयार होतो आणि आतला लगदा तसाच राहतो. पुराच्या पाण्यात माणसे काढायला न्यायच्या बोटीवर असली मलमपट्टी करू नये.

उघडण्याआधी बोट लाकडी घोड्यांवर, तळाच्या आकाराला बेतून कापलेल्या आधारांवर, समपातळीत बसवली आणि दोरा ताणून मापे घेतली. आतले लांब कणे, म्हणजे स्ट्रिंगर, निघाले की तळाचे पातळ कवच आपल्याच वजनाने वाकते, आणि वाकलेल्या स्थितीत नवे लाकूड बसले तर तो बाक कायमचा राहतो. मग तळावरची, पाय ठेवायची फळी कापून काढली. तिच्याखालचा फोम पाण्याने इतका गच्च भरलेला होता की त्याचे तुकडे दोन्ही हातांनी उचलावे लागले. ट्रान्समचे बाहेरचे कवच तसेच ठेवून आतला थर ग्राइंडरने कापला आणि प्लाय पटाशीने खरवडून काढला. हे काम अत्यंत घाणेरडे आहे. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून साधा रुमाल नव्हे, तर चांगला मास्क लागतो, आणि अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे असले तरी रात्री खाज सुटतेच.

नव्या ट्रान्समसाठी आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लाय घेतला. या प्रतीच्या प्लायचा सांधा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारा प्रत्येक प्लाय या प्रतीचा नसतो, म्हणून शिक्का पाहूनच घ्यावा. १८ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवले आणि कडांना इपॉक्सी या रेझिनचे हात देत राहिलो, कारण प्लाय पाणी पितो ते मुख्यतः कडेने.

रेझिनच्या निवडीवरून आमच्याकडे बराच वाद झाला. पॉलिएस्टर स्वस्त आणि सवयीचे. पण जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर आणि लाकडावर इपॉक्सीची पकड निश्चित चांगली असते, म्हणून मी इपॉक्सीचा आग्रह धरला. मात्र मग नेहमीची चटईसारखी मॅट चालत नाही. तिच्यातले धागे बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट बसत नाही. त्यामुळे विणलेले कापड वापरले. ज्यांना पॉलिएस्टरच वापरायचे आहे त्यांनी कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारे द्रावण, आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा.

आमच्याकडे जूनपासून हवा अशी दमट होते की हे काम करण्यात अर्थ नसतो, म्हणून ते एप्रिल-मेमध्येच उरकावे लागते. पण त्या उन्हात इपॉक्सी डब्यात साठून राहिली तर धूर सोडत तापते. आम्ही सकाळी लवकर, थोडे थोडे मिश्रण करून पसरट ताटलीत ओतत असू. लाकूड आणि कवच यांच्या कोपऱ्यात सिलिकाची पूड घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई दिली, कारण काचेचे कापड काटकोनात वळत नाही, खाली पोकळी धरते.

बोल्टांची भोके मुद्दाम मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरली आणि ती कडक झाल्यावर त्यांच्या मध्यातून योग्य मापाचे भोक पाडले. त्यामुळे बोल्टाभोवतीचे सील उद्या गळाले तरी पाणी लाकडाला लागणार नाही. स्ट्रिंगरमधून पाणी मागे वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांनाही हेच केले.

फोम परत घालूच नये, बोट हलकी राहील, असे मंडळाचे म्हणणे होते. ते मात्र मी ऐकले नाही. बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी यासाठीच तो असतो. बंद छिद्रांच्या फोमचे तुकडे तळापासून थोडे उचलून बसवले, म्हणजे खालून पाणी वाहील, आणि फळीला झाकणासह एक तपासणीचे भोक ठेवले. दर पावसाळ्यानंतर त्यातून हात घालून ओल पाहायची, एवढी जबाबदारी मंडळाने घेतली आहे.