आमची वाटचाल : रिजेक्शन रॅकपासून वर्गापर्यंत

इंजिनिअरिंगची मुलं आमच्या ग्राइंडिंग शॉपमध्ये शिकायला येतात, याचं आज सगळे कौतुक करतात. एकेकाळी याच गोष्टीवरून आमची बदनामी झाली. "शिकाऊ पोरांच्या हाती जॉब देतात, म्हणून माल रिजेक्ट होतो," हे आमच्या ग्राहकांच्या कानावर घालणारा माणूस आमच्याच धंद्यातला होता. त्याचं नाव लिहीत नाही, पण ते वाक्य मी विसरलेलो नाही.

सुरुवात सरांमुळे झाली. ते इंजिनिअरिंग कॉलेजात मेट्रोलॉजी, म्हणजे मोजमापाचं शास्त्र, शिकवायचे. पहिल्यांदा आले ते मशीन न बघता थेट रिजेक्शन रॅकपाशी, म्हणजे माप चुकलेले जॉब (सुटे भाग) ठेवतो तिथे गेले. म्हणाले, "यातले महिन्याला तीन जॉब मला द्या, ड्रॉइंगसकट. का बिघडले ते मुलं शोधतील." ग्राहकाचा टायटल ब्लॉक, म्हणजे नाव-नंबराची चौकट, झाकून मी ड्रॉइंगच्या प्रती दिल्या. पुढच्या सत्रापासून मुलं दोघादोघांच्या जोडीने आमच्याकडे येऊ लागली. जोडीतला एक आठवडाभर शॉपवर, दुसरा वर्गात, मग अदलाबदल, असे चार महिने. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन असंच सुरू केलं होतं, आणि १९५७ साली वॉटर्लू विद्यापीठ उभं राहिलं तेच या पायावर, हे मला सरांकडून कळलं. लहान कारखान्याला हे झेपतं, कारण मशीनपाशी रोज एकच नवखा असतो आणि काम अर्धवट पडत नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग आमची बदनामी करणाऱ्या त्याच माणसाने कॉलेजला नवा प्रस्ताव दिला : सगळ्या वर्गाला दोन आठवड्यांची इंटर्नशिप आणि प्रत्येकाला सर्टिफिकेट. करारावर सह्या झाल्या, फोटो निघाले. आमची चार महिन्यांची पद्धत बंद झाली. सरांनी भांडून फक्त चालू जोडीला मुदत पूर्ण करू दिली. त्याच सुमारास आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाने शाफ्टचा, म्हणजे पोलादी गोल दांड्यांचा, अख्खा लॉट परत पाठवला. सिलिंड्रिकल ग्राइंडर मशीनचं कर्ज डोक्यावर होतं. दुसरा लॉट परत आला असता तर शटर ओढावं लागलं असतं.

शाफ्ट १०० मिलिमीटर व्यासाचे, एच-सहा, म्हणजे वरची मर्यादा शून्य आणि खाली २२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा. आमच्या मोजमापाच्या शीटवर सगळे उणे दहाच्या आसपास, ग्राहकाकडे उणे सत्तावीस. मी मायक्रोमीटर स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांवर, तपासला, तो बरोबर होता. ऑपरेटरवर ओरडलो, तोही बरोबर होता. जोडीतल्या मुलीने मात्र नव्या लॉटमधला एक शाफ्ट मशीनवरून उतरताच मोजला, सरफेस प्लेटवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजला. वहीत दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले. फरक सतरा मायक्रॉन.

जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, कूलंटचा, नोझल सरकला होता. जॉब गरम व्हायचा आणि आम्ही तो गरमच मोजायचो. पोलाद दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. १०० मिलिमीटरला, पंधरा अंशांच्या फरकाला, हिशोब जवळपास सतरावर येतो. मापं २० अंश सेल्सिअसची धरायची, हे तिने वर्गात वाचलं होतं. मीही कधीतरी वाचलं होतं. पण तिच्याकडे तोच जॉब दोनदा मोजायला वेळ होता, आणि हा वेळ दोन आठवड्यांत कुणालाच मिळत नाही.

ग्राहकाला मी काही लपवलं नाही, तिच्या वहीचं पान दाखवलं. त्यांनी बदली लॉटसाठी मुदत दिली आणि पुढची ऑर्डरही आमच्याकडेच ठेवली. तो ग्राहक आजही आमच्याकडे आहे.

कारखानदार मित्रांना माझं सांगणं आहे. मुलांना फाइली लावायला बसवू नका, ड्रॉइंग हातात द्या. कुठली माहिती बाहेर जाणार नाही आणि मुलांनी केलेलं डिझाइन कुणाचं, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या, नाहीतर चांगलं काम झाल्यावर वाद होतात. आणि प्राध्यापकांनो, चाळीस जणांची रांग शॉपमधून फिरवून नेऊ नका. स्वतः एक आठवडा येऊन बसा. सर दर सुट्टीत बसायचे.

दोन वर्षांनी कॉलेजनेच परत बोलावलं. सर तोवर निवृत्त झाले होते, पण नवीन मॅडमनी जोडीची पद्धत तशीच ठेवली.

त्या परत आलेल्या लॉटमधला एक शाफ्ट मी भंगारात घातला नाही. नवीन जोडी आली की पहिल्या दिवशी तो आणि झाकलेल्या टायटल ब्लॉकचं ड्रॉइंग त्यांच्यापुढे ठेवतो, शेजारी आमची जुनी शीट ठेवतो, आणि माझ्या कामाला निघून जातो.