उडी न मारणारा उडद्या

माझ्या मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे फूट येण्याच्या जागा, फुगू लागले की त्यांच्या बोलण्यात एका किड्याचे नाव हमखास येते, ते म्हणजे उडद्या. ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबूस, चकचकीत आणि पाठीवर काळसर ठिपके असलेला हा भुंगेरा रात्री फुगलेले डोळे कुरतडतो आणि दिवसा ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, सुटलेल्या सालीखाली दडून बसतो. कुरतडलेला डोळा फुटत नाही, म्हणजे त्या जागचा घडही गेला. गेल्या हंगामात मी दोन दिवस तिकडे होतो, तेव्हा या किड्याची उडी एकदा पाहावी म्हणून पहाटे पांढरे ताट धरून मी वेली हलवल्या. ताटात दहा-बारा उडदे पडले, पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखे निपचित राहिले आणि थोड्या वेळाने सावकाश चालू लागले. दोघे पंख उघडून उडून गेले. उडी मात्र एकानेही मारली नाही.

नाव उडीवरून पडले की उडदावरून, हे मामांना विचारले तर त्यांनी 'उडद्या तो उडद्याच' एवढेच सांगितले. इंग्रजी कृषी साहित्यात मात्र त्याचे नाव सरळ पिसूवरून ठेवलेले आहे, आणि तिथेच घोटाळा आहे. पिसूसारखी उडी मारणारे पानभुंगेरे वेगळे आहेत. मुळ्याच्या पानांना चाळणीसारखी बारीक छिद्रे पाडणारा फायलोट्रेटा हा त्यांपैकी एक असून बोट जवळ नेताच तो डोळ्यांदेखत नाहीसा होतो. द्राक्षावरच्या उडद्याचे शास्त्रीय नाव स्केलोडोन्टा स्ट्रिगिकॉलिस असे आहे. रशियन सैन्यातील अधिकारी आणि भुंगेऱ्यांचा झपाटलेला संग्राहक व्हिक्टर मोचुल्स्की याने एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले. स्केलोडोन्टा या प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, नावाचा अर्थ 'पायावर दात असलेला' असा होतो. म्हणजे ज्यांनी नाव ठेवले त्यांनीही पायाकडेच पाहिले होते, फक्त त्यांना तिथे उडी दिसली नव्हती, दात दिसला होता.

पानभुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचा सारा इतिहास असा पायांभोवती, आणि तोही एकेका अवयवावर फाजील विश्वास टाकण्याभोवती फिरत आला आहे, असे माझे वाचनातून मत झाले आहे. या कुलाचे नाव क्रायसोमेलिडी. पियेर आंद्रे लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०२ साली ते मांडले आणि आज त्यात ३५,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्याआधी १७६२ साली एतिएन लुई जोफ्रवा याने भुंगेऱ्यांची विभागणी पावलाच्या खंडांच्या संख्येवरून केली होती, आणि त्या मोजणीत पानभुंगेरे चार खंडांचे ठरले होते. प्रत्यक्षात त्यांच्या पावलाला पाच खंड असतात. चौथा खंड इतका लहान असतो की तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये तो दडून जातो. ही गोष्ट ध्यानात आल्यावर बेल्जियममधील लिएज येथे प्राध्यापक असलेल्या तेओदोर लाकोर्देअर याने १८४५ आणि १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या भुंगेऱ्यांना 'जवळजवळ पाच खंडांचे' असे जरा संकोचाचे नाव दिले. तशीच फसवी पावले लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना आणि सोंडेकिड्यांनाही असतात. म्हणून ही तिन्ही घराणी एकाच मोठ्या वंशवृक्षाच्या फांद्या मानली जातात, आणि ते नाते आजवर टिकून आहे. मोजणी चुकली, पण नाते बरोबर निघाले, असे फार थोड्या वेळा घडते.

लाकोर्देअर १८७० मध्ये वारला, तेव्हा भुंगेऱ्यांच्या सर्व प्रजातींची ओळख करून देणारा त्याचा प्रचंड ग्रंथ अपुरा होता आणि पानभुंगेरेही राहून गेले होते. पानभुंगेऱ्यांचे काम फेलिसियाँ शाप्वी याने १८७४ आणि १८७५ मध्ये दोन खंडांत पुरे केले. शाप्वी हा बेल्जियममधील वेर्विए गावचा डॉक्टर होता आणि त्याने संदेशवाहक कबुतरांवरही एक पुस्तक लिहिले आहे. या विषयातील मंडळींचे उद्योग पाहिले तर असेच आढळते. इंग्लंडचा जोसेफ शुगर बेली डॉक्टर होता, व्हिएन्नाचा फ्रान्झ स्पेथ कायद्याचा माणूस होता, आणि भारतातील पानभुंगेऱ्यांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा मार्टिन जॅकोबी तर व्हायोलिनवादक होता. जर्मनीत जन्मलेल्या जॅकोबीने मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात आणि पुढे लंडनच्या ऑपेरात वाजवले, आणि उरलेल्या वेळात हजारो भुंगेऱ्यांची वर्णने लिहिली. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील त्याचा खंड १९०८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. आपला उडद्या त्याच खंडात, युमोल्पिनी या उपकुलात बसलेला आहे. उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांचा त्या खंडाशी संबंध नाही. म्हणजे द्राक्ष बागायतदारांचा हा 'पिसू-भुंगेरा' पिसू-भुंगेऱ्यांपैकी नव्हे, हे शंभर वर्षांपूर्वीच छापून झालेले होते.

जॅकोबीने अर्धे ठेवलेले काम एका बंगाली माणसाने पुढे नेले. समरेंद्र मौलिक यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्याच मालेत तीन खंड लिहिले. १९१९ चा काटेरी भुंगेरे आणि कासवभुंगेरे यांवर, १९२६ चा क्रायसोमेलिनी आणि उडी मारणारे भुंगेरे यांवर, आणि १९३६ चा गॅलेरुसिनी या उपकुलावर आहे. मराठीत 'मौलिक' हा शब्द आपण इतका झिजवला आहे की त्यांचे आडनाव वाचताना सुरुवातीला विशेषण वाचल्यासारखे होते. १९२६ चा खंड लिहून झाल्यावर मौलिक यांना बहुधा एकच प्रश्न सतावत राहिला असावा, की हे भुंगेरे उडी मारतात ती नेमकी कशाने. मागची मांडी फुगीर असते हे सर्वांना माहीत होते, पण फुगीर मांडी म्हणजे उडी नव्हे. सॅग्रा या भुंगेऱ्याच्या मांड्या बेडकाच्या मांड्यांसारख्या असतात, तरी तो उड्या मारत नाही. त्याचे नर त्या मांड्यांनी एकमेकांशी झुंजतात. मौलिक यांनी उडी मारणाऱ्या जातींच्या मांड्या उघडून पाहिल्या आणि आत कठीण द्रव्याची, आकड्यासारखी वळलेली एक कमान असते, हे १९२९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या अंकात तपशिलाने मांडले. नडगी ताठ करणारा स्नायू या कमानीला जोडलेला असतो. स्नायू सावकाश आकुंचन पावतो, कमानीत ताण साठतो, आणि तो एकदम सुटला की भुंगेरा दिसेनासा होतो. गलोलीचा रबर ताणायला वेळ लागतो, सुटायला लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. या कमानीला आजही 'मौलिक यांचा अवयव' असे म्हणतात.

आता वर्गीकरण सोपे झाले, असे कोणालाही वाटले असते. कमान आहे तो उडी मारणारा भुंगेरा, कमान नाही तो दुसरा कोणी. कित्येक दशके हा नियम वापरला गेला आणि आठ हजारांहून अधिक जातींचा एक गट या एका आकड्यावर टांगला गेला. पण काही प्रजाती अशा निघाल्या की त्यांच्या मांडीत कमान आहे आणि बाकी सारी ठेवण मात्र कमान नसलेल्या गॅलेरुसिनी भुंगेऱ्यांसारखी आहे. तज्ज्ञांच्या लेखांत त्यांना 'अडचणीच्या प्रजाती' असेच म्हटले जाऊ लागले. गेल्या पंचवीस वर्षांत डीएनएच्या आधारे वंशवृक्ष मांडले गेले, तेव्हा यांपैकी अनेक प्रजाती खरोखरच गॅलेरुसिनींच्या फांदीवर जाऊन बसल्या. म्हणजे कमान एकदाच घडून वारशाने सर्वांना मिळाली असे नसून, ती निरनिराळ्या वेळी घडली किंवा काही ठिकाणी मोडली गेली असली पाहिजे. काही सोंडेकिड्यांच्या मांडीतही तशीच कमान सापडते, हे कळल्यावर तर नवल वाटण्याचेही कारण उरत नाही. २०११ साली भुंगेऱ्यांच्या कुलनामांची जी मोठी सूची प्रसिद्ध झाली, तिने उडी मारणाऱ्यांना स्वतंत्र उपकुल न मानता गॅलेरुसिनी उपकुलातील एक टोळी म्हणून ठेवले. मौलिक यांनी दोन वेगळ्या खंडांत, दहा वर्षांच्या अंतराने लिहिलेली दोन घरे अशी एक झाली. त्यांची कमान खोटी ठरली नाही. तिच्यावर कुळाचा दाखला देण्याचे जे काम टाकले गेले होते, ते तिला झेपणारे नव्हते.

कोकणातल्या भातशेतीत याच गोष्टीचे दुसरे रूप पाहायला मिळते. तिथे भातावर दोन पानभुंगेरे येतात, एक काटेरी आणि एक निळा. काटेरी म्हणजे हिस्पा, अंगभर काटे असलेला काळा भुंगेरा. निळा भुंगेरा, अर्थात लेप्टिस्पा पिग्मिया, हा सडपातळ, गुळगुळीत आणि एकही काटा नसलेला असतो. त्याचे वर्णन वर उल्लेखिलेल्या डॉक्टर बेली यांनी १८५८ मध्ये केले, आणि गंमत म्हणजे त्याला त्यांनी काटेरी भुंगेऱ्यांच्याच गटात घातले. बेली यांनी काटे न पाहता डोके, तोंड आणि मिशा पाहिल्या होत्या. नंतरच्या अभ्यासाने त्यांना दुजोराच दिला, इतका की आता काटेरी भुंगेरे आणि ढालीसारखे गोल कासवभुंगेरे ही दोन्ही घराणी एकाच उपकुलात धरली जातात. कासवभुंगेऱ्यांबद्दल एक दुःखाची गोष्ट सांगायला हवी. रताळ्याच्या किंवा बेशरमीच्या पानावर जो भुंगेरा सोन्याच्या थेंबासारखा चमकतो, तो मेल्यावर काही काळात मळकट पिवळा होतो, कारण ती चमक रंगद्रव्याची नसून कवचाच्या थरांतील ओलाव्यावर अवलंबून असते. स्वीडनचा कार्ल हेन्रिक बोहेमन याने १८५० ते १८६२ या काळात कासवभुंगेऱ्यांवर चार खंड लिहिले, ते प्रामुख्याने टाचणीला टोचलेल्या, विझलेल्या नमुन्यांवरून. रंगावर विसंबता येत नाही हे त्या काळच्या अभ्यासकांना असे सक्तीने शिकावे लागले असेल.

घरातील डब्यापर्यंत येणारा पानभुंगेरा मात्र बहुतेकांना पानभुंगेरा वाटत नाही. चवळीला किंवा मुगाला भुंगा लागतो, दाण्याला गोल भोके पडतात, तो भुंगा आता याच कुलातील ब्रुकिनी या उपकुलात गणला जातो. १७५८ मध्ये लिनियसने कडधान्यावरील या भुंग्याला सोंडेकिड्यांमध्ये टाकले आणि वाटाण्यावरील त्याच्या सख्ख्या भावाला कातडी खाणाऱ्या डर्मेस्टिस या प्रजातीत टाकले. दोन भाऊ दोन अनोळखी घरी वाढले म्हणायचे. पुढे त्यांना स्वतंत्र कुलाचा मान मिळाला, आणि अखेरीस अळ्यांची ठेवण व डीएनए या दोहोंच्या आधारे ते पानभुंगेऱ्यांत आले. त्यांचा सर्वांत जवळचा नातलग कोण, तर वर आलेला तो बेडूकमांड्यांचा सॅग्रा. कृषी पुस्तकांतून अजूनही जुने स्वतंत्र कुल छापले जाते, आणि त्यात मला फारसे वावगे वाटत नाही. डब्यातला भुंगा उन्हात घातल्याने जातो, उपकुल बदलल्याने नव्हे.

आजच्या भारतीय अभ्यासकांपैकी केरळ कृषी विद्यापीठाचे के. डी. प्रथापन यांचे काम मी अधूनमधून वाचत असतो. अमेरिकेतील अलेक्झांडर कॉन्स्टँटिनोव्ह यांच्याबरोबर त्यांनी दक्षिण भारतातील उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अनेक नव्या जाती प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांतील काही तर शेवाळात राहणाऱ्या, मोहरीएवढ्या आहेत. जाती नवी आहे असे म्हणण्याआधी ती जुन्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहावी लागते, आणि जॅकोबीचे नमुने लंडन व हार्वर्डमध्ये, मौलिक यांचे लंडनमध्ये आहेत. नमुन्यांची देवाणघेवाण जैवविविधतेच्या कायद्यांमुळे किती अवघड झाली आहे, याविषयी प्रथापन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला आणि त्याला जगभरातील दीडशेहून अधिक शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला. आपली जैविक संपत्ती कोणी पळवू नये हा कायद्याचा हेतू मला मान्य आहे. परंतु टाचणीला टोचलेल्या मोहरीएवढ्या भुंगेऱ्यात चोरण्याजोगी संपत्ती कोणती, हे मला अजून उमगलेले नाही.

बागेतून परत येताना मी चार उडदे आणि परसातल्या मुळ्यावरचे काही फायलोट्रेटा कुपीत घालून आणले होते. मागच्या मांड्या क्षाराच्या द्रावणात ठेवून पारदर्शक केल्या आणि एका मित्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. फायलोट्रेटाच्या मांडीत तपकिरी रंगाची वळलेली कमान स्वच्छ दिसली, मौलिक यांनी सांगितली तशीच. उडद्याच्या मांडीत काही नव्हते. मामांना फोन करून हे सांगितले, तेव्हा त्यांनी यातून फवारणीत काय बदलायचे ते विचारले. मी म्हणालो की फवारणीचे मला सांगता येणार नाही, पण युमोल्पिनींच्या अळ्या सहसा मातीत राहून मुळे खातात, त्यामुळे वर दिसतो तेवढाच उडद्या आहे असे धरू नका. त्यांनी थोडा विचार केला आणि येत्या छाटणीला ओलांड्यांची सुटलेली साल आधी खरवडून घेतो, बुंध्याजवळची मातीही हलवून पाहतो, असे म्हणून फोन ठेवला.