स्टोनहेंज १:५०, भाग ४ : अकरावा दगड

मंडळी, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाची मी प्लास्टरमध्ये १:५० मापाची प्रतिकृती करतोय. मागच्या भागात सार्सन (कठीण वालुकाश्माच्या मोठ्या दगडांच्या) वर्तुळाचे साचे दाखवले होते. आता ३० पैकी २९ उभे दगड फळीवर बसलेत. राहिला फक्त क्रमांक ११. तीन आठवडे काम त्याच्यापाशीच थांबलंय.

नव्यानं आलेल्यांसाठी मापं सांगतो. मूळ वर्तुळ साधारण ३० मीटर व्यासाचं आहे, माझं ६० सेंटिमीटरचं. उभा दगड जमिनीवर ४.१ मीटर, म्हणजे ८.२ सेंटिमीटर. आतल्या नालेच्या आकारातल्या पाच ट्रायलिथॉनपैकी (दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवी शिळा) सगळ्यात उंच दगड क्रमांक ५६. तो जमिनीवर ६.७ मीटर आणि आणखी २.४ मीटर जमिनीत, म्हणून त्यासाठी फळीला खालून जाड ठोकळा लावावा लागला. बाहेरचा खंदक सोडून दिलाय. तो ११० मीटर व्यासाचा आहे, एवढी मोठी फळी मावणार नाही.

या महिन्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते आडव्या शिळांनी. प्रत्येक उभ्या दगडाच्या माथ्यावर उंचवटे, आडव्या शिळेच्या पोटात त्यांच्याच मापाचे खळगे, आणि शेजारच्या दोन शिळा एकमेकींत जीभ-खाचेनं अडकवलेल्या. हे सगळं सुतारकाम आहे, फक्त दगडात केलेलं. शिवाय प्रत्येक शिळेला वर्तुळाची किंचित गोलाई. मी पहिल्या चार शिळा सरळ ओतल्या होत्या. वर्तुळावर ठेवल्या तर सांध्यांवर कोपरे बाहेर आले. त्या फोडल्या आणि साचा वाकवून पुन्हा ओतल्या. मूळ जागेची जमीन उताराची आहे, तरी माथा समपातळीत. म्हणून मीही फळीला उतार दिला आणि प्रत्येक दगडाचं बूड वेगवेगळं घासलं. पाणसळ ठेवून माथे जुळवताना एका रात्रीत जेमतेम तीन दगड होत होते. ज्यांनी सरासरी २५ टनांच्या दगडांवर हे इसवीसनपूर्व २५००च्या सुमारास केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आता निव्वळ आदर आहे.

आता अकराव्याकडे. वर्तुळाच्या दक्षिण बाजूचा हा दगड उंची, रुंदी, जाडी तिन्हींत शेजाऱ्यांपेक्षा लहान आहे. त्याच्यावर दोन्ही बाजूंच्या आडव्या शिळा टेकणार कशा? त्यामुळे वर्तुळ कधी पुरं झालंच नाही, असं काही अभ्यासकांचं मत होतं. मग २०१३च्या कोरड्या उन्हाळ्यात गवत ठिपक्याठिपक्यांनी पिवळं पडलं, आणि नैर्ऋत्येकडच्या मोकळ्या जागांत नेमके हरवलेल्या दगडांच्या ठिकाणी डाग उमटले. तिथे कधीकाळी दगड उभे होते, याला चांगला आधार मिळाला. पण अकरावा लहान का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

२०२२ मध्ये पुरातत्त्वज्ञ टिमोथी डार्विल यांनी मांडलं की हे सौर पंचांग आहे. ३० दगड म्हणजे महिन्याचे ३० दिवस, पाच ट्रायलिथॉन म्हणजे वर्षाचे उरलेले पाच दिवस, आणि ११ व २१ हे वेगळे दिसणारे दगड म्हणजे दहा-दहा दिवसांच्या आठवड्यांच्या सुरुवाती. वाचल्यावर मी दोन दिवस याच कल्पनेत होतो, अकरावा मुद्दाम लहान ओतायला घेतलाही. पण पुढच्याच वर्षी माग्ली आणि बेलमोंते या अभ्यासकांनी आक्षेप घेतला : महिन्यांचा बारा हा आकडा तिथे कुठे दिसत नाही, आणि अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा लहान दिवसाच्या) आसपास सूर्य क्षितिजावर इतका हळू सरकतो की त्या दगडांवरून नेमका दिवस धरता येणार नाही. दुसरा मुद्दा मी टॉर्चनं करून पाहिला. अयनदिनाच्या आगेमागे चार-पाच दिवसांचा फरक माझ्या फळीवर दिसलाच नाही, दगडाच्या कडेच्या खरखरीतपणात तो बुडून जातो. पंचांगाची कल्पना मी सोडलीय.

टॉर्चनं दुसरंही काही दाखवलं. मोबाइलची लेन्स फळीपासून ३.२ सेंटिमीटरवर, म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर धरली आणि ईशान्येच्या वाटेनं आत आणत गेलो. टॉर्च नैर्ऋत्येला, जिथे हिवाळ्याच्या अयनदिनी सूर्य मावळतो. उजेड सर्वांत उंच ट्रायलिथॉनच्या अरुंद फटीतून थेट लेन्समध्ये आला. नुसत्या प्लास्टरचं काम असून अंगावर काटा आला. गर्दी आज उन्हाळ्यातल्या सूर्योदयाला होते, पण ज्या वाटेनं मूळ लोक चालत यायचे ती वाट समोर मावळतीच दाखवते. जवळच्या ड्युरिंग्टन वॉल्स या प्राचीन वस्तीच्या जागी सापडलेल्या डुकरांच्या दातांवरूनही हिवाळ्यातल्या मेजवान्या झाल्याचं दिसतं. खंदकाच्या आत वर्तुळात खणलेल्या, ऑब्रे नावाच्या खड्ड्यांत दहन केलेल्या माणसांच्या अस्थी आहेत. पूर्वजांची जागा आणि वर्षाची सर्वांत लांब रात्र, माझ्या मते हेतू इथे शोधावा.

याला जोड मिळाली लेझर स्कॅनची. २०१२च्या विश्लेषणात दिसलं की ईशान्येकडून येणाऱ्याला जे पृष्ठभाग समोर दिसतात ते जास्त काळजीनं घडवलेत. म्हणून मी तेवढ्या बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासल्या आणि दक्षिणेकडच्या खडबडीत ठेवल्या. फरक फोटोत नीट येत नाही, बोट फिरवलं की कळतो.

शेवटी अकरावा लहानच ओतला. त्याच्यावरच्या दोन आडव्या शिळा तयार आहेत, पण चिकटवल्या नाहीत. त्या फळीच्या कडेला एका खोक्यात ठेवल्यात.

पुढचं काम अल्टार स्टोनचं, म्हणजे मध्यभागी आडव्या पडलेल्या दगडाचं. मूळ दगड सुमारे सहा टनांचा, ५ मीटर लांब, म्हणजे इथे १० सेंटिमीटर. २०२४ मध्ये कळलं की तो ईशान्य स्कॉटलंडमधून, किमान ७०० किलोमीटरवरून आलाय. बहुतेक सार्सन वेस्ट वुड्स या जंगलातले, २५ किलोमीटरवरचे. ब्लूस्टोन, म्हणजे तिथले लहान दगड, वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांतले. तीन प्रदेशांतून दगड आलेत, तर प्लास्टरमध्ये रंगही तीन वेगळे मिसळायचे ठरवलंय. अल्टार स्टोनसाठी राखाडीत थोडा हिरवट छटेचा रंग घेऊन पहिला नमुना ओतलाय, सुकतोय.