चारमाउथ: तिथी बघून जायचा किनारा

आईचं माहेर गुहागरचं. भरतीची वेळ काढायला तिला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. त्यामुळे इंग्लंडमधल्या चारमाउथला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा पिता पिता जाहीर केलं, "काल कोजागिरी झाली, आज प्रतिपदा. पाऊण वाजता भरती. आत्ता समुद्रावर कशाला जायचं?"

मी छापील तक्ता दाखवला. दीडच्या सुमारास ओहोटी! आईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हिशेब तिचा चुकला नव्हता, किनारा बदलला होता. चंद्र तोच असला तरी भरती प्रत्येक किनाऱ्यावर आपापल्या वेळेला पोचते. कोकणात अमावस्या-पौर्णिमेला भर दुपारी भरती असते, तर इंग्लंडच्या या नैऋत्य किनाऱ्यावर त्याच दिवसांत दुपारी बारा-दीडच्या दरम्यान ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे पाणी पार लांब जाणारी. तेव्हा चारमाउथला जायचं ठरवत असाल तर हॉटेल नंतर बघा, आधी पंचांग काढा. अमावस्या किंवा पौर्णिमा आणि तिच्या पुढचे दोन-तीन दिवस धरलेत तर जीवाश्म शोधायला भर उजेडात भरपूर किनारा मोकळा मिळतो. नेमकी वेळ मात्र त्या दिवसाच्या तक्त्यातूनच घ्यायची.

आम्ही राहतो रेडिंगला. गाडीने तीन तास लागले. रेल्वेने यायचं तर अॅक्समिन्स्टर स्टेशनला उतरायचं. लंडनच्या वॉटर्लूहून थेट गाडी आहे, पावणेतीन तास धरा, आणि पुढे शेजारच्या लाइम रीजिस गावावरून चारमाउथला बस येते. बसच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या, हिवाळ्यात आणि रविवारी फेऱ्या कमी असतात.

गाव म्हणजे उताराचा एक मोठा रस्ता आणि खाली चार नदीचं मुख. (नदी एकच, नाव चार. लेकीला हा विनोद दोन दिवस पुरला.) १६५१ च्या सप्टेंबरात लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स वेश पालटून इथल्या खाणावळीत येऊन राहिला होता. रात्री होडीने फ्रान्सला निसटायचा बेत होता, पण होडीवाल्याच्या बायकोला सुगावा लागला आणि तिने नवऱ्यालाच घरात कोंडून ठेवलं. राजाला दुसरी वाट शोधावी लागली. आपल्याकडे आग्र्याहून सुटका झाली ती याच्या पंधरा वर्षांनंतर. तिथे अशी कोणी बायको आडवी आली नाही, हे आपलं नशीब.

आता किनारा. हा 'जुरासिक कोस्ट'चा भाग. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा दीडशे किलोमीटरच्या वरचा हा पट्टा २००१ पासून जागतिक वारसा आहे आणि त्याच्या कड्यांमध्ये साडेअठरा कोटी वर्षांचे थर उघडे पडले आहेत. चारमाउथचे कडे त्यातल्या जुन्या थरांपैकी, साधारण साडेएकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ. आपण सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेली माणसं. तो दगड लाव्हाचा, त्यात शंखशिंपले शोधायचं कोणाच्या मनात येत नाही. तो लाव्हा वाहायला लागला तेव्हा चारमाउथचा हा चिखल आधीच तेरा कोटी वर्षं जुना होता.

समुद्राकडे तोंड केलं की उजवीकडे ब्लॅक व्हेन आणि डावीकडे स्टोनबॅरो. दोन्ही कडे नावालाच कडे. खरं तर ते हळूहळू समुद्रात येणारे चिखलाचे डोंगर आहेत. १९५८-५९ च्या हिवाळ्यात ब्लॅक व्हेन प्रचंड सरकला होता, आणि मे २००८ मध्ये लाइमच्या बाजूचा सुमारे चारशे मीटरचा तुकडा खाली आला. १९०८ साली तर लाइम आणि चारमाउथच्या मधल्या दरडीने पेट घेतला. दगडातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा लागून ते तापलं आणि शेल नावाचा तेलकट, पापुद्र्यांचा दगड धुमसत राहिला. लोक 'लाइमचा ज्वालामुखी' बघायला यायचे, त्याची पोस्टकार्डंही विकली गेली. पण हा कडा सतत ढासळतो म्हणूनच इथे जीवाश्म मिळतात. दरड कोसळते, समुद्र चिखल धुऊन नेतो आणि आतला माल वाळूत पडतो. पाऊस आणि वादळ होऊन गेल्यावरचे दिवस म्हणून सगळ्यात चांगले, आणि कड्याखाली उभं राहायला सगळ्यात वाईटही तेच.

नियम एवढाच की ओहोटीची वेळ दीडची असेल तर साडेअकराला उतरायचं, पाणी मागे हटत असताना त्याच्या मागोमाग जायचं, आणि दीड वाजून गेला की परतीला लागायचं. कड्याच्या पायथ्याशी बसून जेवणारी दोन कुटुंबं आम्ही पाहिली. तिथे बसू नका. कडा हातोडीने खोदणंही नको. परवानगीशिवाय चालत नाही आणि गरजही नाही.

पहिला अर्धा तास आम्हाला काहीही मिळालं नाही. मी मोठे दगड उलटेपालटे करत होते आणि लेक प्रत्येक गोल खडा आणून "हा डायनोसॉर?" विचारत होती. नाही, डायनोसॉर इथे क्वचितच. १८५८ मध्ये याच कड्यांत स्केलिडोसॉरस हा डायनोसॉर सापडला, पण ती लॉटरी झाली. मग हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये गेलो. किनाऱ्यालगतच्या जुन्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत हे केंद्र आहे. प्रवेश फुकट, पेटीत देणगी टाका. तिथल्या बाईंनी एका वाक्यात आमचा दिवस सुधारला: उभं राहून बघू नका, बसा. म्हणजे बारीक गोट्यांचा एखादा पट्टा धरायचा, उकिडवं बसायचं आणि हातभर जागा पाच मिनिटं निरखायची. पायराइटचे अॅमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म, जड असतात, त्यामुळे लाटा त्यांना इतर जड वस्तूंबरोबर एकाच ठिकाणी आणून टाकतात. गंजके खिळे, लोखंडाचे तुकडे दिसायला लागले की तिथेच शोधा.

उकिडवं बसणं हा आपला हातखंडा. आई बसली, तांदूळ निवडतात तशी बोटं फिरवायला लागली, आणि दहा मिनिटांत तिने एक चकचकीत तुकडा उचलला. चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढा, पितळी रंगाचा, वेटोळं घातलेला. वेटोळ्यावर बारीक कंगोरे, मधे खोलगट टिंब. तिने तो तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "अगं, हे तर शाळिग्रामातलं चक्र."

ते अक्षरशः खरं आहे. गंडकीचा शाळिग्राम म्हणजे हिमालयात वर उचलल्या गेलेल्या समुद्रतळातला अॅमोनाइटच. आमच्या देवघरातला शाळिग्राम काळा, हा सोनेरी, आणि हा वयाने थोरला, पण कुळ एक. इंग्लंडातले लोक पूर्वी याला दगड झालेला साप म्हणायचे आणि विकताना त्याला सापाचं डोकंही कोरून द्यायचे. आपण चक्र म्हटलं, त्यांनी साप.

बाकी काय सापडलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. पाटीवरच्या पेन्सिलीचा तुटका तुकडा वाटेल ते बेलेम्नाइट. हे माकुलाच्या जातीच्या प्राण्याच्या आतलं हाड म्हणा. आम्ही मासे खात नसलो तरी आईला गुहागरच्या बाजारातलं माकुल ठाऊक होतं, त्यामुळे ते तिला लगेच पटलं. वाकड्या जाड नखासारखं दिसेल ते ग्रिफिया, एक कालवच. इथे त्याला सैतानाचं नख म्हणतात. आणि हाडासारखा किंवा लाकडासारखा, तंतू-तंतू दिसणारा दगड भरपूर मिळेल, तो मात्र जीवाश्म नाही. मी त्याचे पाऊण किलो गोळा करून केंद्रात घेऊन गेले होते. ते निव्वळ कॅल्साइट. इथले खाणकामगार त्याला 'बीफ' म्हणत. आईला मी ते नाव सांगितलं नाही.

सुटं पडलेलं घरी न्यायला हरकत नाही. काही मोठं किंवा वेगळं सापडलं तर मात्र केंद्रात नोंद करायची. वस्तू आपल्याकडेच राहते, अभ्यासकांना माहिती मिळते. केंद्रातर्फे माहीतगार माणसाबरोबर जीवाश्म-फेरीही असते. मुलं असतील तर आधी जागा ठेवा. आम्ही ठेवली नव्हती, ती भरलेली होती.

आता माझी फजिती. ब्लॅक व्हेनच्या खाली दरडीची एक जीभ वाळूवर आली होती, वरून वाळलेली, राखाडी. तिच्यावर एक छान गोल दगड दिसला. तीन पावलं टाकली, चौथं गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, बूट नाही. नवऱ्याने पोटावर पालथं पडून तो ओढून काढला, आणि मी भिजल्या मोज्यांवर गाडीपर्यंत आले. गोल दगड साधा दगड निघाला. तेव्हा चिखल वाळलेला दिसला तरी त्यावर पाय देऊ नका, घोट्यापर्यंतचे बूट घाला आणि मोज्यांचा जास्तीचा जोड गाडीत ठेवा.

किनाऱ्याने चालत लाइम रीजिसला जाता येतं, पण फक्त पाणी उतरत असताना, आणि मधे वर चढायला वाट नाही. भरती लागली की पाणी थेट कड्याला भिडतं. डावीकडे स्टोनबॅरोखालीही तोच प्रकार. पुढे कुठेतरी वर चढू, असं धरून चालू नका. आम्ही लाइमला संध्याकाळी गाडीनेच गेलो. जीवाश्म शोधणारी मेरी अॅनिंग या गावची, जन्म १७९९. सुताराची पोर. भावाने इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी शोधली आणि बाकीचा सांगाडा हिने, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास. १८२३ मध्ये लांब मानेचा प्लेसिओसॉर तिनेच काढला. १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेने, बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ साली, म्हणजे ती जाऊन ७२ वर्षं झाल्यावर. २०२२ मध्ये तिचा पुतळा बसला, सोबत ट्रेही आहे. लेकीने कुत्र्याच्याच डोक्यावरून हात फिरवला. गावातले रस्त्यावरचे दिवेसुद्धा अॅमोनाइटच्या आकाराचे आहेत. तिथल्या सीगल पक्ष्यांपासून मात्र सांभाळा. आईची चटणी लावलेली दशमी एकाने हातातून नेली आणि बहुधा पस्तावला.

तिसऱ्या दिवशी गोल्डन कॅप. १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची सगळ्यात उंच जागा. सिंहगड चढलेल्या माणसाला हसू येईल. मलाही आलं, ते वाटेतल्या सेंट गॅब्रिएलच्या ओढ्यापर्यंत टिकलं. स्टोनबॅरोच्या माथ्यावर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचा वाहनतळ आहे (वर जाणारी गल्ली इतकी अरुंद की समोरून गाडी आली की एकाला मागे जावंच लागतं). तिथून वाट आधी खाली उतरते, मग पुन्हा खाली, आणि सगळी कमाई घालवून झाली की ओढ्यापासून सरळ अंगावर येते. जाऊन-येऊन सहा-साडेसहा किलोमीटर भरतात. वाटेत ओस पडलेल्या गावाचं तेराव्या शतकातलं देऊळ, म्हणजे चॅपल, छप्पर नसलेलं उभं आहे.

माथ्यावरचा सोनेरी वालुकाश्म खालून जेवढा दिसतो तेवढा वरून दिसत नाही, पण पश्चिमेला लाइमचा वळलेला धक्का आणि पूर्वेला चेसिलची लांब किनार, शेवटी पोर्टलंड, हे एका नजरेत येतं. कठडा नाही. पोरांचा हात सोडू नका, आणि वारा असेल तर कडेला जाऊन फोटो काढायचा मोह आवरा.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर स्टोनबॅरोहून जाऊ नका. लँग्डन हिलचा वाहनतळ पकडा. तिथून माथा जवळ पडतो, आणि ज्यांना चढायचं नाही त्यांना जंगलातून टेकडीभोवती फिरणारी बरीचशी सपाट वाट आहे. हे आम्हाला परतल्यावर कळलं. आई ओढ्याच्या अलीकडे एका दगडावर दीड तास बसली आणि गाई मोजत राहिली.

आणि घड्याळ! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात. आदल्या आठवड्याचा उजेड डोक्यात ठेवून आम्ही दोनला निघालो. पावणेपाचला सूर्य गेला आणि शेवटचा चढ फोनच्या उजेडात चढलो. बारा वाजायच्या आत निघा.

घरी आणलेल्या जीवाश्मांचं काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. पायराइटचा अॅमोनाइट गोड्या पाण्यात काही दिवस भिजवायचा, पाणी बदलत राहायचं, म्हणजे मीठ निघतं. मग पूर्ण वाळवून कोरड्या डबीत ठेवायचा. दमट हवेत त्याची भुकटी होते, गंधकाचा वासही येतो. कोकणात किंवा मुंबईत न्यायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. आईने तो नेला नाही. आमच्याच डब्यात तांदूळ भरून त्यात पुरला.

कार्तिकात आमच्या खिडकीतल्या तुळशीचं लग्न लागलं तेव्हा शाळिग्राम साताऱ्याला, देवघरात. आईने तांदळातून हा सोनेरी नवरदेव काढला, फडक्याने पुसला, कुंडीपाशी ठेवला आणि डब्यातल्या त्याच तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या. लेक पळीपंचपात्र घेऊन पुढे झाली, तर आईने तिचा हात धरला. "नुसत्या अक्षता टाक. याला पाणी चालत नाही."